शाळा कुरणात गेली तेव्हा

ज्यांना इअरफोन सापडत नाहीत, किंवा बसमध्ये शेजारचा माणूस मोठ्यानं रील बघतोय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे ना" काढून टाकलेत.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका फसलेल्या ॲपपासून करावी लागेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, गाव गेवराई. दर दुसऱ्या शनिवारी घरी येतो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की गल्लीतल्या पाचवी ते आठवीच्या लेकरांना कोडिंग शिकवायचं. एक खोली मिळाली, चार जुने लॅपटॉप जमवले. आणि बी.टेक. झालेला माणूस जे करतो तेच मी केलं, एक ॲप बनवलं. धडा पूर्ण केला की दहा नाणी, रोज उघडलं की स्ट्रीक, भिंतीवर पहिल्या पाचांची यादी. महिन्याच्या शेवटी जास्त नाणी असलेल्याला पेनड्राइव्ह.

पहिला महिना जबरदस्त. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की पोरं सगळ्यात सोपा धडाच पुन्हा पुन्हा करतायत, कारण नाणी सारखीच मिळतात. एकानं तर उत्तरं कागदावर लिहून वाटली. तिसऱ्या महिन्यात माझे पैसे संपले, पेनड्राइव्ह बंद. पुढच्या शनिवारी दारातच एकानं विचारलं, "दादा, आज नाणी भेटायलेत का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग खेळायला जातो." आणि गेला. रागावून वगैरे नाही, अगदी सहज.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ॲप यायच्या आधी हाच पोरगा फुकट यायचा. मांजर स्क्रीनवर कशी चालवायची यासाठी तासभर बसायचा. म्हणजे गोडी त्याच्याकडे होती. माझ्या नाण्यांनी ती घालवली.

हे फक्त माझ्याकडेच झालं का? तर नाही. अमेरिकेत १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी एका बालवाडीतला प्रयोग छापला. स्केचपेननं चित्र काढायला ज्या मुलांना आधीपासून आवडायचं, अशीच मुलं निवडली. एका गटाला सांगितलं, चित्र काढा, छान प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला आधी काही सांगितलं नाही, चित्र झाल्यावर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले आणि लांबून बघितलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ चित्र काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे घोळ बक्षिसात नव्हता, "हे केलंस तर ते देईन" या सौद्यात होता.

हे वाचून मी "आपल्याकडे कोणी यावर काम केलंय का" म्हणून शोधत बसलो, आणि पोचलो डहाणू तालुक्यात. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. गोष्ट आहे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. नावं शाळेत ऐकली असतील, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत. त्या एका ओळीत काय काय दाबून बसवलंय ते बघा.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या काळात बी.ए. झालेल्या. राजकोटला मुलींच्या अध्यापक विद्यालयात प्राचार्य होत्या. चांगली नोकरी, मान. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता वकिली सोडून बालशिक्षणात आले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. भल्यामोठ्या मिशांमुळे गुजरातेत लोक त्यांना "मूछाळी मा" म्हणायचे, म्हणजे मिशीवाली आई.

या दोघांवर प्रभाव होता मारिया माँटेसरी यांचा. या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी मुलांचं घर उघडलं. तिथं त्यांना दिसलं की मनासारखं काम हातात असलं की लहान मुलं त्यात इतकी रमतात की बक्षिसाकडे बघतही नाहीत. मग त्यांनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बंद केलं. छडी आणि पेढा हे दोन्ही एकाच दुकानातले, असं समजा.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं. सगळं छान चाललं होतं. पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. हे शिक्षण शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांपर्यंतच थांबत होतं. माँटेसरीचं साहित्य महाग होतं, ते खेड्यात कोण घेणार?

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या आणि तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झालेल्या. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपायचं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि ताराबाईंबरोबर जे काम सुरू केलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता माझा आवडता भाग. बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात. अशा वेळी आपण काय म्हणतो? "त्यांना शिकायचंच नाही." "आईबापांना किंमत नाही." गेवराईतसुद्धा चहाच्या टपरीवर हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. कबूल करतो, मीही म्हटलंय.

ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मुलं शाळेत येत नाहीत ना? मग शाळा मुलांकडे न्यायची. त्या आणि अनुताई थेट वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात बसायचं, मुलांना आंघोळ घालायची, गोष्ट सांगायची, गाणी म्हणायची. अंगणात भरते म्हणून नाव पडलं अंगणवाडी. हो, तोच शब्द! २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली तेव्हा तो देशभर गेला. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीची पाटी बोर्डीतल्या त्या अंगणातून आलीय.

महाग साहित्याचं काय? बिया, शंख-शिंपले, खडे, पानं, काड्या. मोजायला शिकायचं तर बिया मोजा. लहान-मोठं शिकायचं तर शिंपले लावा. ही "गरिबांची स्वस्त आवृत्ती" नव्हती. या वस्तू मुलाच्या रोजच्या हातातल्या होत्या. त्यांच्याबद्दल त्याला बाईंपेक्षा जास्त माहीत असायचं. वर्गात पहिल्याच दिवशी "मला हे येतं" असं वाटणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याला कधी शेवटच्या बाकावर बसवलंय त्याला विचारा.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली पाडे. तिथं नवी अडचण. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जायची, आणि मोठ्या बहिणी घरी धाकट्याला सांभाळायच्या. मग काय करायचं? गुरं जिथं चरतात तिथं, कुरणात शाळा. कुरणशाळा. आणि बहिणींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, तिचं नाव विकासवाडी. बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली की तो पाळणाघरात, ती वर्गात. किती साधं आहे! पण हे सुचायला आधी "ही मुलगी का येत नाही" हे तिच्या घरी जाऊन बघावं लागतं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी पुढे मांडलं की आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: स्वतः निवडायची मोकळीक, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपण इथले आहोत ही भावना. कोसबाडला लावून बघा. कशानं खेळायचं ते मूल ठरवतं, ही मोकळीक. बिया-पानं ओळखीची, म्हणून जमतं. आणि बाई आपल्या अंगणात येऊन बसतात, म्हणून आपलेपण. माझ्या ॲपमध्ये काय होतं? धडा मी ठरवलेला, यादीत खालच्यांना रोज दिसणार की आपण मागे आहोत, आणि शेजारचा मित्र म्हणजे प्रतिस्पर्धी. तिन्ही गोष्टी मी स्वतः कोड लिहून मोडल्या होत्या.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बक्षीस, शिष्यवृत्ती सगळं वाईट? थांबा. इथं जोतीराव फुल्यांना ऐकावं लागेल. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी मागास समाजातल्या मुलांसाठी छोट्या शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मागितली होती, आईबापांनी मुलं शाळेत पाठवावीत आणि शिक्षणाची गोडी लागावी म्हणून. मी आधी गोंधळलो. मग कळलं. ज्या घरात पोराच्या दिवसभराच्या कामावर भाकरी अवलंबून आहे, तिथं शिष्यवृत्ती हे आमिष नसतं. ती बुडालेल्या मजुरीची भरपाई असते, वाटेतला दगड बाजूला करणं असतं. माझा पेनड्राइव्ह दगड हटवत नव्हता. दोन्हीत पैसेच खर्च होतात, म्हणून आपण गल्लत करतो.

आणि हा फरक आपल्या बीडमध्ये नीट कळायलाच हवा. दिवाळीच्या आसपास ट्रक, ट्रॅक्टर भरून टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता चालतो. घरी कुणी म्हातारं माणूस नसेल तर लेकरंही फडावर जातात आणि उन्हाळ्यात परत येतात, तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. हंगामी वसतिगृहं आहेत, कारखान्यांजवळ साखरशाळाही झाल्या. ती कोसबाडच्या कुरणशाळेची भावंडंच. पण सगळ्यांना पुरत नाहीत. या लेकरांना "अभ्यासात रस नाही" असा शेरा मारणं फार सोपं आहे.

मी ॲपमधली नाणी काढली. यादी काढली. धडेही काढले. फक्त विचारलं, "तुम्हाला काय बनवायचंय?" दोन शनिवार कुणी बोललंच नाही. मुलांना कुणी हे विचारलेलंच नव्हतं. तिसऱ्या शनिवारी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, उचल फिटली का नाही, हे मोबाईल सांगंल का?"

आम्ही बसलो. किती टन तोडला, टनाला दर काय, मुकादमाचं कमिशन किती, उचल किती. बेरीज, गुणाकार, वजाबाकी. टक्केवारी तिला वर्गात कळत नव्हती, असं ती म्हणायची. इथं तिनं एका दुपारी शिकून घेतली, कारण कमिशन टक्क्यात होतं आणि तिला ते चुकू द्यायचं नव्हतं. नाणी भेटणार का, हे तिनं एकदाही विचारलं नाही. बाकीची पोरं तिच्या मागे उभी राहून चुका काढत होती. नाण्यांसाठी निघून गेलेला तो पोरगाही त्यात होता.

गोष्ट इथं संपली असती तर किती छान झालं असतं. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर फडावर गेली. तिचा हिशोब बापाच्या मोबाईलमध्ये आहे. तिथं ती शाळेत जाते की धाकट्याला सांभाळते, मला माहीत नाही. गोडी तिच्याकडे भरपूर आहे. पण तिच्या कुरणात शाळा गेलीय का, हा प्रश्न गोडीनं सुटत नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी काम पुढे चालू ठेवलं, १९९२ मध्ये त्याही गेल्या. पद्मभूषण, पद्मश्री मिळाले दोघींना. पण मला राहून राहून आठवतं ते त्यांचं अंगणात जाऊन बसणं. मूल शिकत नाही असं दिसलं की त्या आधी मुलाला नाही, स्वतःच्या शाळेला तपासायच्या.

तर ऐकणाऱ्यांसाठी, आणि आज वाचणाऱ्यांसाठी, एक काम. शाळेत असताना कुणीही मार्क देणार नव्हतं तरी तुम्ही मन लावून काय शिकलात, ते आठवा आणि मला व्हॉइस मेसेज करा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी साखरशाळेत शिकवत असेल तर तेही कळवा. मला त्यांच्याशी बोलायचंय, यावेळी लॅपटॉप घेऊन तिकडं जायचा विचार आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!