वीणेचा पहारा

हिंगोली जिल्ह्यातल्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की देवळाच्या भिंतीवर एक कागद चिकटतो. एका बाजूला वेळा, दुसऱ्या बाजूला नावं. रात्री १२ ते २ कोण, २ ते ४ कोण, काकड्याला कोण. ही वीणेच्या पहाऱ्याची यादी. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही असा दंडक असतो. वेळ भरली की पुढचा विणेकरी समोर येऊन उभा राहतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सत्तरीचे आजोबा असोत की कॉलेजातला पोरगा, पाया दोघांनीही पडायचं. मग उतरलेला माणूस घरी जाऊन झोपतो आणि त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवत नाही.

या कागदाचं मला फार मोल वाटतं. नाम अखंड चालावं म्हणून माणसानं आळीपाळीनं थांबायचं, हे त्यात लिहून ठेवलेलं असतं.

याच गावात बचत गटाची अध्यक्ष मात्र वर्षानुवर्षं एकच असते. पदाधिकारी ठरावीक काळानं बदलावेत, असं गटाच्या प्रशिक्षणात सांगतात. प्रत्यक्षात पासबुक, सह्या, प्रोसिडिंगची वही, थकलेला हप्ता मागायला जाणं, बँकेतल्या साहेबांशी बोलणं, सगळं तिच्याच अंगावर. ‘ताई, तुम्हालाच जमतं’ म्हणत बाकीच्या मोकळ्या होतात. तिलाही हळूहळू वाटू लागतं की आपण नसलो तर गट मोडेल. हळद शिजवायच्या धांदलीतही रात्री दहाला तिचा फोन वाजतो आणि ती उचलते. मग चिडचिड सुरू होते, बैठक नकोशी वाटते, आणि ज्या कामावर जीव होता त्याचंच ओझं होतं. सरपंच, मुख्याध्यापक, शेतकरी कंपनीचे अध्यक्ष, सगळ्यांची हीच गत.

या थकव्याला ‘बर्नआउट’ हे नाव देऊन त्यावर १९७४ मध्ये लिहिलं ते न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी. दिवसा स्वतःचा व्यवसाय आणि रात्री मोफत दवाखान्यात सेवा, असं करता करता ते स्वतःच कोलमडले होते. सगळ्यात आधी करपतात ती मन लावून काम करणारी माणसं, हे त्यांनी नोंदवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं. म्हणजे औषध शोधायचं ते कामाच्या रचनेत, आणि ती रचना आपल्या देवळाच्या भिंतीवर आहे.

ती आली कुठून, याचा माग काढत गेलं की एकोणिसावं शतक लागतं. गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला सप्ताह आजही दर वर्षी नव्या गावी भरतो. तिथं तर यजमानपदही फिरतं. त्याच शतकात, १८३२ च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखीला शिस्त लावली. शिंद्यांच्या पदरी राहिलेला हा सरदार हुकूम सोडून सगळं स्वतःच्या हाती ठेवू शकला असता. त्यांनी कामं वाटली. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे, साथ वासकरांसारख्या फडकऱ्यांची, दिंड्यांचा क्रम ठरलेला. आजही सोहळा त्याच वाटणीवर चालतो.

आणखी मागं गेलं की वाट हिंगोलीतच परत येते. परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म १२७० चा, कयाधूकाठच्या नर्सीचा. लहान वयातच त्यांना विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून मान मिळाला आणि त्या मानाचा अहंकारही जडला. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा घरोघर माहीत आहे. मला त्याच्या पुढचा भाग मोठा वाटतो. नाव झालेला माणूस औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिष्य म्हणून गेला. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले होते. देव नाही तिथं माझे पाय ठेव, असं त्यांनी सांगितलं आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. देव फक्त आपल्याशीच बोलतो ही समजूत तिथं गळून पडली. आपल्यावाचून अडेल असं वाटणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याची समजूत याच जातीची असते.

नामदेवांच्या नावावर शतकोटी अभंगांचा संकल्प सांगतात. शंभर कोटी! एका जन्मात न मावणारं काम. परंपरा म्हणते, तो आकडा घरात वाटला गेला. आई गोणाई, पत्नी राजाई, मुलं, सुना आणि घरकाम करणारी जनाबाई, सगळ्यांच्या वाट्याला अभंग आले. जनाबाईंची वाणी त्या घराच्या सावलीत राहिली नाही, ती स्वतःच्या नावानं उभी राहिली. पुढे नामदेव पंजाबात गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंढरपूरचं कीर्तन त्यांच्या मागंही चालूच राहिलं.

संकल्प मात्र अपुराच राहिला. मग सतराव्या शतकात देहूच्या तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि उरलेले अभंग तू पुरे कर म्हणाले. स्वतः तुकोबांनीच हे सांगून ठेवलं आहे.