कानात दडे बसणे

कानात दडे बसणे म्हणजे एका किंवा दोन्ही कानांत बोळा घातल्याप्रमाणे जडपणा जाणवणे आणि ऐकू येणे मंदावणे. त्यासोबत अनेकदा कानाला खाज सुटते, क्वचित गुणगुण ऐकू येते. हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. साठलेला मळ, बुरशी, पडद्याच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातील फरक आणि अंतर्कर्णातील बिघाड ही त्याची काही कारणे होत. घराघरांत मात्र या सर्वांवर कोमट तेल हा एकच उपाय केला जातो. मळावर तो बऱ्याचदा लागू पडतो, बुरशीत अपायकारक ठरतो आणि अंतर्कर्णाच्या विकारात उपचाराची वेळ दवडतो.

मळ

प्रौढ व्यक्तीची कर्णनलिका सुमारे २.५ सें.मी. लांब असते. तिच्या बाहेरील सुमारे एक-तृतीयांश भागातील ग्रंथींचे स्राव आणि झडलेल्या त्वचेच्या पेशी मिळून मळ तयार होतो. तो घाण नव्हे. किंचित आम्लधर्मी व स्निग्ध असल्यामुळे तो नलिकेच्या त्वचेचे पाणी, धूळ आणि जंतूंपासून रक्षण करतो. नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने अतिशय मंद गतीने सरकत असते. तिच्याबरोबर, तसेच चावताना व बोलताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीमुळे, मळ आपोआप बाहेर येतो. मळ ओला व चिकट असावा की कोरडा, हे आनुवंशिकतेने ठरते. यास कारणीभूत असलेला जनुक जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिला. पूर्व आशियात कोरडा मळ अधिक आढळतो.

बाहेर सरकण्याची ही क्रिया बहुधा माणसाच्या हातूनच बिघडते. कानकोरणे, काडेपेटीची काडी, केसांची पिन किंवा कापसाची काडी आत घातली की थोडा मळ बाहेर येतो आणि उरलेला पडद्याकडे ढकलला जातो. कापसाच्या काड्यांच्या वेष्टनावरच त्या कर्णनलिकेत घालू नयेत अशी सूचना छापलेली असते. ती वाचणारे विरळाच. श्रवणयंत्र वापरणारे, नलिका अरुंद असलेले आणि वृद्ध यांच्यात मळ साचण्याचे प्रमाण अधिक असते. आंघोळीनंतर एकाएकी दडे बसतात, कारण आधीच साठलेला मळ पाण्याने फुगून नलिका पूर्ण बंद करतो.

तेल व अन्य थेंब

मळ मऊ करण्यासाठी बदामाचे किंवा ऑलिव्हचे तेल, ग्लिसरीन, सोडियम बायकार्बोनेटचे तयार थेंब आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य द्रावण वापरले जाते. यांपैकी अमुक एक सर्वांत चांगले, असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. कुशीवर निजून दोन-तीन थेंब सोडावेत व पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहावे. असे काही दिवस केल्यास मळ बहुधा सैल होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत मळ फुगून दडे वाढू शकतात.

लसूण घालून कडकवलेले तेल हा महाराष्ट्रातील परिचित उपाय आहे. त्यातील धोका बहुधा लसणीपेक्षा उष्णतेचा असतो: बोटाला सोसवणारे तेल कानाच्या पडद्याला सोसवेलच असे नाही. आयुर्वेदात कानात कोमट तेल भरण्याच्या विधीस कर्णपूरण म्हणतात. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडण्याची प्रथाही आढळते. बालरोगतज्ज्ञ ती टाळण्यास सांगतात. पडद्याला छिद्र असल्यास, कान वाहत असल्यास किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणतेही थेंब घालू नयेत.

पिचकारीने कान धुताना पाणी शरीराच्या तापमानाचेच असावे लागते. गार किंवा गरम पाण्याने अंतर्कर्णातील द्रव हलतो आणि भोवळ येते. या परिणामाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेही वृद्धांत कान धुतल्यानंतर गंभीर जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून त्यांनी घरी पिचकारी वापरू नये. कानात पोकळ मेणबत्ती जाळल्याने मळ ओढला जातो हा समज निराधार आहे. मेणबत्तीच्या बुंध्यात दिसणारा पदार्थ मेणबत्तीचाच असतो.

बुरशी

खाज हे प्रमुख लक्षण असेल, तर मळापेक्षा बुरशीचा किंवा त्वचेच्या विकाराचा संशय आधी घ्यावा. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, अ‍ॅस्परजिलस व कॅन्डिडा या बुरशी कर्णनलिकेत वाढतात. आत ओल्या वर्तमानपत्रासारखा करडा लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. कान कोरण्याने त्वचेला बारीक जखमा होतात, तेलाने ओल टिकून राहते, आणि दोन्हींमुळे बुरशी फोफावते. अशा कानाची कोरडी सफाई करून डॉक्टर बुरशीनाशक थेंब देतात. घरी करण्याजोगी गोष्ट एवढीच, की आंघोळीच्या वेळी कान कोरडा राखावा आणि तो कोरू नये.

दाबातील फरक

खंडाळ्याचा घाट उतरताना किंवा विमान खाली येताना बसणारे दडे मळामुळे नसतात. नाकाच्या मागील भागापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी नलिका वेळेवर न उघडल्याने पडद्यावर दाब पडतो. आवंढा गिळणे, जांभई देणे किंवा गोळी चघळणे यांनी ती उघडते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळुवार हवा फुंकण्याच्या युक्तीला इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ आंतोनिओ व्हाल्साल्व्हा यांचे नाव आहे. जोराने फुंकल्यास पडद्याला इजा होऊ शकते. सर्दीत ही नलिका सुजते, त्यामुळे दडे काही दिवस राहतात. त्यावर कानात काही घालून उपयोग नसतो.

एकाएकी येणारा बहिरेपणा

काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकच कान बंद झाल्यासारखा वाटणे हे अंतर्कर्णाच्या नसेशी संबंधित बहिरेपणाचे लक्षण असू शकते. यात दुखत नाही आणि रुग्णाला मळच साठला असावा असे वाटते. तोंड मिटून गुणगुणल्यावर आवाज बंद कानात मोठा वाटला, तर अडथळा बाहेरचा असण्याची शक्यता अधिक. तो चांगल्या कानात मोठा वाटला, तर संशय अंतर्कर्णाचा. ही चाचणी ढोबळ आहे. डॉक्टर नादकाटा व श्रवणमापन वापरून निदान करतात. स्टेरॉइडचा उपचार लवकर, शक्यतो पहिल्या काही दिवसांतच, सुरू झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. आठवडे उलटले की ती कमी होत जाते. तेलाचे थेंब घालत काढलेला पंधरवडा या रुग्णांना महाग पडतो.

कानात गेलेल्या वस्तू

जिवंत कीटक कानात शिरल्यास, पडदा शाबूत असेल तर, तेलाचे काही थेंब घातल्याने त्याची वळवळ थांबते. मग तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. मुलांनी घातलेला हरभरा किंवा वाटाणा मात्र पाण्याने फुगून घट्ट बसतो, म्हणून तेथे पाणी वापरू नये. घड्याळाचा गोल सेल कानात गेल्यास काही तासांतच त्वचा भाजते. अशा वेळी कोणतेही थेंब न घालता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.