हिरवा रंग डब्यात येण्याआधी

गडचिरोली हा महाराष्ट्रातला सगळ्यात हिरवा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ला तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. आजही त्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. पण इथल्या एखाद्या जुन्या मातीच्या घरात शिरून बघा. भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली, खाली गेरूचा पट्टा, आढं धुराने काळं झालेलं. पक्का, गडद हिरवा रंग कुठेच दिसत नाही. ज्यांच्या दारातच साग, मोह आणि बांबू उभे आहेत, त्यांनी भिंती हिरव्या का केल्या नाहीत?

मला हा प्रश्न पडला तो घराचं रंगकाम निघालं तेव्हा. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घर गडचिरोलीत. बैठकीची एक भिंत अगदी गडद हिरवी करावी, दाट सावलीतल्या पानासारखी, असं माझ्या मनात होतं. बाबांनी शेडकार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, "कायले गा, घरात अंधार करून रायला?" त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसलो आणि रंगाचा इतिहास हाती लागला.

पहिलं उत्तर साधं आहे. पूर्वी भिंतीचा रंग मातीतून यायचा. पांढरी माती, लालसाठी गेरू, पिवळी माती, काळ्यासाठी काजळी. हिरवी माती मात्र दुर्मीळ. ती महाराष्ट्रात आहे, पण काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये. अजिंठ्याच्या चित्रकारांनी पंधराशे वर्षांपूर्वी वापरलेला हिरवा हाच. निळ्यासाठी त्यांना अफगाणिस्तानातला लाजवर्द लागला, हिरवा मात्र दख्खनच्या दगडातच मिळाला. हा बेसाल्ट चंद्रपूरच्या पश्चिमेपर्यंत, वरोऱ्याच्या बाजूला, येतो. वैनगंगा ओलांडली की जमीन बदलते. गडचिरोलीत बहुतांश त्याहून कितीतरी जुने खडक आहेत आणि सुरजागडसारख्या डोंगरांत लोखंड. लोखंड गंजलं की लाल-पिवळा रंग देतं. म्हणून इथे गेरू आहे, हिरवा नाही.

मग पानांचा रंग का नाही घेतला? कारण तो टिकत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आंबटपणा किंवा उष्णता लागली की तो सुटतो. पालकात चिंच घालून भाजी शिजवली की ती मळकट शेवाळी होते, त्याचं कारण हेच. ऊनही हरितद्रव्य मोडतं. पाला वाटून भिंतीला फासला तर काही दिवसांत तो तपकिरी होईल.

तरीही घरात एक गडद हिरवा होताच. पावसाळ्यात गाई-बैल ओला चारा खातात, तेव्हाच्या शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीचा खालचा पट्टा ओला असताना हिरवागार दिसतो. वाळला की तो विटतो, आणि काही दिवसांनी बाई पुन्हा सारवायला बसते. म्हणजे हा रंग एकदा देऊन मोकळं होण्याचा नव्हता. तो बाईच्या कमरेवर आणि मनगटावर टिकलेला होता. जुन्या घरांचं कौतुक करताना आपण हे विसरतो.

टिकाऊ हिरवा जंगलातून आला नाही, तो प्रयोगशाळेतून आला. १७७५ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले यांनी तांबं आणि आर्सेनिक वापरून एक हिरवा बनवला. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला त्याहून झळझळीत हिरवा तयार झाला. युरोपातल्या श्रीमंत घरांच्या भिंतींवर, कागदांवर, कपड्यांवर तो चढला. घरं सुंदर झाली आणि माणसं आजारी पडली, कारण रंगात विष होतं.

याच विषाला नंतर दुसरं काम मिळालं. १९२०च्या दशकापासून हा हिरवा, 'पॅरिस ग्रीन' या नावाने, डासांच्या अळ्या मारायला साचलेल्या पाण्यावर फवारला जाऊ लागला. डीडीटी येण्याआधी भारतातही तो वापरात होता. गडचिरोलीत हिवताप अजून संपलेला नाही, म्हणून मला ही गोष्ट दूरची वाटत नाही. इथे आजही घरांत भिंतींवर कीटकनाशक फवारतात, कारण रक्त प्यायलेला डास भिंतीवर बसतो. फवारणीनंतर काही आठवडे सारवू-पोतारू नका, असं आरोग्य कर्मचारी सांगतात. डासांना बसायला अंधारी, गडद जागा आवडते. बाबांच्या 'अंधार'मध्ये हाही अनुभव असावा. चुन्याची पांढरी भिंत चिमणीचा तुटपुंजा उजेड परत फेकायची, गडद हिरवी तो गिळते.

आपल्याकडच्या जुन्या हिरव्या दार-खिडक्यांचा रंग बऱ्याचदा वेगळा असायचा. जवसाच्या तेलात निळा आणि शिशाचा पिवळा कालवून केलेला. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. १ नोव्हेंबर २०१७पासून भारतात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या वर चालत नाही. पण त्याआधीचे थर दारांवर अजून आहेत. तुमच्या घरी रंगकाम निघालं तर जुनं हिरवं दार कोरडं घासू देऊ नका. पॉलिश पेपर ओला करून घासायला सांगा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा, पडलेला भुगा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आज दुकानातलं मशीन आपल्याला जो गडद हिरवा मिसळून देतं, त्यात बहुधा फ्थॅलो हिरवा असतो. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथमधल्या कारखान्यात एका भांड्याला तडा गेला आणि त्यातून अपघाताने एक निळा पदार्थ हाती आला. पुढे त्याच घराण्यातला तांब्याचा निळा बाजारात आला, आणि १९३०च्या दशकातच त्याला क्लोरिन जोडून हिरवा केला गेला. त्याच्या रेणूचं चित्र पाहिलं तेव्हा मी थबकलो. नायट्रोजनचे चार अणू आणि मधोमध धातू, बरीचशी हरितद्रव्यासारखीच मांडणी. पानात धातू मॅग्नेशियम असतो, इथे तांबं. तांबं सहजी सुटत नाही, म्हणून हा रंग उन्हात टिकतो.

बाबा आणि मी मिळून एक तोड काढली. खिडकीसमोरची एकच भिंत गडद हिरवी, बाकी तीन आणि छत पांढरं. खिडकीला जाळी. रंग फवारणीच्या आधी. असा रंग तुम्हीही देणार असाल, तर दुपारी चार वाजता आणि रात्री दिव्यात नमुन्याचा पट्टा बघा. सकाळच्या उन्हात सगळेच हिरवे छान दिसतात.

ही भिंत आता निदान सात-आठ वर्षं कोणाला हात लावायला लागणार नाही. आजीच्या पिढीतल्या बायकांना हिरवा रंग असा कधी मिळालाच नाही.