लॅपटॉप घरघरतो कशामुळे?

मागे घरघर ऐकू येतेय ना, तो माझा नवा लॅपटॉप. जुना, अगदी शांत असलेला धाकट्या बहिणीला दिला आणि वर्षभर पैसे साठवून हा घेतला. आता रात्री कोड कंपाइल करायला लावला की आई झोपेतून विचारते, "अरे, मिक्सर लावलास का?"

तर आज या आवाजाचा इतिहास बघू.

१९८० मध्ये ॲपलने 'ॲपल थ्री' पंख्याशिवाय काढला. तो तापतो अशा तक्रारी आल्या. तरी १९८४ चा पहिला मॅकिंटॉशही बिनपंख्याचाच होता.

पुढे चिप वेगवान होत गेल्या. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही उतरवता येतं. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. २००५ च्या आसपास हे गणित फसलं. ट्रान्झिस्टर बंद असतानाही करंट गळू लागला, व्होल्टेज आणखी उतरवता येईना. २००४ मध्येच इंटेलने 'तेजस' हा पुढचा पेंटियम रद्द करून दोन कोअरचा रस्ता धरला होता.

उष्णता मात्र राहिलीच. त्यात लॅपटॉप पातळ झाले, पंखे छोटे झाले. छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून ही घरघर.

काल मी टर्बो बंद केला. कंपाइल व्हायला वेळ लागतो, पण आई झोपते. पुढच्या वेळी दुकानात आधी कान लावून बघणार!