चिखलोलीच्या पलीकडचा खासदार: भिवंडी मतदारसंघाची गोष्ट

ऐकायला वेळ नाही, पण लोकलमध्ये वाचायला आवडतं, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

कर्जत लोकलने अंबरनाथ सोडलं की पुढचं स्टेशन बदलापूर. मध्ये चिखलोली, जिथे आता नवं स्टेशन होतंय. चिखलोली अंबरनाथ नगरपालिकेत येतं, म्हणून तिथला मतदार कल्याणचा खासदार निवडतो. काही मिनिटं पुढे गेलं की बदलापूर. तिथला मतदार विधानसभेला मुरबाडमध्ये आणि लोकसभेला भिवंडीत. लोकल एकच, गर्दी एकच, खासदार मात्र दोन. ही रेषा इथेच का आली, हे समजायला थोडं मागे जाऊ या.

१९५२ ची पहिली निवडणूक. तेव्हा ठाणे हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक निवडून आले. पाच वर्षांत वारं फिरलं. १९५७ ला, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, इथून कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर लोकसभेत गेले.

पण ते काही नुसत्या लाटेवर आले नव्हते. १९४५ च्या जानेवारीत किसान सभेची परिषद आपल्या टिटवाळ्यात भरली होती. हो, तेच गणपतीचं टिटवाळा! शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी त्यानंतर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याबद्दल आहे. सावकाराच्या शेतात फुकट राबणारा माणूस बारा वर्षांनी मत टाकायला गेला आणि आपला माणूस दिल्लीला पाठवून आला. या भागाच्या निवडणुकीच्या इतिहासातलं मला सगळ्यात मोठं वाटणारं पान हेच.

१९६१ ला कायदा करून दोन खासदारांचे मतदारसंघ बंद झाले. १९६२ ला भिवंडी हा मतदारसंघ आला आणि तिथून निवडून आले यशवंतराव मुकणे, म्हणजे जव्हार संस्थानचे शेवटचे राजे. राजाला आता मतं मागायला गावोगाव फिरावं लागत होतं! १९६७ ला शहापूरचे सोनूभाऊ बसवंत आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज शहापुरात आहे. १९७१ ला भाऊसाहेब धामणकर. तिघेही काँग्रेसचे.

आणि मग भिवंडी गायब झाली. १९७७ च्या निवडणुकीत नवी पुनर्रचना लागू झाली आणि भिवंडी नावाचा लोकसभा मतदारसंघच उरला नाही. पुढची ३२ वर्षं तो नकाशावर नव्हता. आपल्या बाजूला होता ठाणे मतदारसंघ: ठाणे, बेलापूर, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, सगळं एकाच पोत्यात. रामभाऊ म्हाळगी, शांताराम घोलप, राम कापसे, मग १९९६ पासून सलग चार वेळा प्रकाश परांजपे. लोकवस्ती वाढत गेली, पण रेषा हलली नाही, कारण १९७६ च्या घटनादुरुस्तीने जागांचं वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं होतं. शेवटी शेवटी ठाणे हा देशातल्या सगळ्यात मोठ्या मतदारसंघांपैकी एक झाला होता.

२००८ ला नवी रेषा आली. ठाण्यातून कल्याण वेगळा झाला आणि भिवंडी परत आली. त्यात भिवंडी ग्रामीण, शहापूर, मुरबाड, भिवंडी पूर्व, भिवंडी पश्चिम आणि कल्याण पश्चिम. वरवर पाहिलं तर तीन गावाकडचे, तीन शहरी.

खरी गोम इथेच आहे. मुरबाडमध्ये बदलापूर येतं. ही रेषा ओढली २००१ च्या जनगणनेवर, तेव्हा कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती. २०११ ला ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. पुढचं तुम्ही रोज प्लॅटफॉर्मवर बघताच. म्हणजे मतदारसंघाची गावाकडची बाजू आतूनच शहर होत चालली आहे.

मग प्रचारात काय होतं? बदलापूरचा मतदार म्हणतो, लोकल वाढवा. शहापूरचा म्हणतो, तानसा आणि भातसाचं पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यावर टँकर का येतो? दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण उमेदवार मतं मोजतो, आणि मतं जिथे दाट तिथे त्याची गाडी जास्त वेळा थांबते.

तरी गावं गप्प नाहीत. २००९ ला काँग्रेसचे सुरेश टावरे जिंकले, २०१४ आणि २०१९ ला भाजपचे कपिल पाटील. पाटील केंद्रात पंचायती राज खात्याचे राज्यमंत्रीही झाले. तरी २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्यामामा, यांनी त्यांना सुमारे ६६ हजारांनी हरवलं. त्याच निवडणुकीत अपक्ष नीलेश सांबरे यांना २ लाख ३१ हजारांवर मतं पडली. मोठा पक्ष पाठीशी नसताना! आणि मतदान? भिवंडीत जवळपास ६० टक्के, रेषेच्या अलीकडे कल्याणमध्ये ५० च्या आसपास.

हे सगळं आज का सांगतोय? कारण गोठवलेल्या जागांची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. त्यानंतर रेषा पुन्हा ओढली जाईल. लोकसंख्येच्या हिशेबाने शहराकडे जागा सरकतील, आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना कोणत्या शहराच्या शेपटीला बांधायचं हे तेव्हा ठरेल. अंतिम आदेश निघाला की घटनेच्या ३२९ व्या कलमामुळे कोर्टातून तो बदलून घेणं फार अवघड. पण त्याआधी मसुदा जाहीर होतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. आजवर तिथे बहुतेक पुढारीच दिसतात.

त्या सुनावणीला कोणीही लेखी हरकत देऊ शकतं, तुम्हीसुद्धा. तोपर्यंत एक करा: मतदार यादीत आपलं नाव कोणत्या विधानसभेत आहे ते मोबाईलवर बघून ठेवा, आणि तुमचा मतदारसंघ कोणता निघाला ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!