गाळाखालचे एल कोब्रे

स्पॅनिश भाषेत ‘कोब्रे’ म्हणजे तांबे. चिली देशाच्या मध्यभागात, नोगालेस गावाजवळच्या डोंगरात एल सोल्दादो ही तांब्याची खाण आहे. तिच्या कामगारवस्तीचे नाव होते एल कोब्रे. २८ मार्च १९६५ या दिवशी, रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि काही मिनिटांत ही वस्ती नाहीशी झाली. दोनशेहून अधिक माणसे गेली. भूकंपांच्या याद्यांत त्यांची गणना भूकंपबळींमध्ये होते. या नोंदीबद्दल माझी तक्रार आहे आणि हे टिपण त्या तक्रारीपोटीच लिहिले आहे.

एल कोब्रेची माणसे पडक्या भिंतींखाली मेली नाहीत. वस्तीच्या वरच्या अंगाला खाणीतल्या गाळाचे दोन बांध होते, एक जुना आणि एक नवा. दोन्ही फुटले. वीस लाख घनमीटरहून अधिक गाळ खोऱ्यातून सुमारे १२ किलोमीटर वाहत गेला.

हा गाळ येतो कुठून? शंभर टन दगडात एक टन तांबे निघाले तर ती खाण चांगली समजावी, असा हा धंदा. दगड पिठासारखा दळतात, त्यात पाणी व फेस आणणारी रसायने घालून हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, ते काढून घेतात. उरलेले जवळजवळ सगळे पीठ पाण्यासकट टाकाऊ. इंग्रजीत त्याला टेलिंग्ज म्हणतात, चिलीत ‘रेलावे’. या शब्दाच्या पोटात ‘पुन्हा धुणे’ आहे. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन पोट भरणाऱ्या आपल्याकडच्या झारेकऱ्याला तो लगेच कळला असता. फरक एवढाच की झारेकऱ्याच्या घमेल्यातली माती कुणाच्या घरावर कोसळत नाही.

हे पीठ साठवायचे तर बांध हवा, आणि बांधाला माती-मुरूम आणणे खर्चाचे. म्हणून गाळाचा बांध गाळानेच घालायची युक्ती निघाली. काठावरून गाळ आत सोडला की जाड रेती काठाशी बसते, बारीक चिखल पाण्याबरोबर आत सरकतो. तळे भरत आले की त्याच रेतीचा पुढचा थर चढवायचा. मात्र बाहेरच्या बाजूला नव्हे, आतल्या बाजूला, आधीच्या गाळावर पाय रोवून. म्हणजे बांध जितका उंच, तितका त्याचा माथा जुन्या चिखलावर टेकलेला. एरवी हा चिखल घट्ट वाटतो. जमीन हादरली की कण एकमेकांत बसू पाहतात, मधल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, सगळा भार पाण्यावर येतो आणि घट्ट वाटणारी गोष्ट पातळ होऊन चालू लागते. अभियंते याला द्रवीकरण म्हणतात.

हे १९६५ साली नवे होते का? नव्हते. १ डिसेंबर १९२८च्या मध्यरात्रीनंतर ताल्काच्या भूकंपात एल तेनियेंते या तांब्याच्याच खाणीचा बाराओना येथील गाळबांध फुटून ५४ माणसे मेली होती. देश तोच, धातू तोच, बांधायची रीतही तीच. मधे ३६ वर्षे गेली. खाली वस्ती ठेवून वर गाळाचा थर चढवत राहणे हा निर्णय कुणीतरी दरवर्षी नव्याने घेत होते. तो भूकंपाने घेतला नव्हता.

एल कोब्रेनंतर मात्र दोन गोष्टी झाल्या. दोब्री आणि आल्वारेस या अभियंत्यांनी चिलीतल्या फुटलेल्या बांधांचा अभ्यास करून १९६७ साली अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या नियतकालिकात निबंध छापला. माझ्यासारख्या त्या विषयाची पदवी नसलेल्या माणसालाही, आकडे ओलांडत, मुद्दा समजतो. १९७० साली चिली सरकारने ८६ क्रमांकाचा हुकूम काढून आतल्या बाजूने बांध चढवण्याची रीत बंद केली. तेव्हापासून तिथे गाळातली जाड रेती यंत्राने वेगळी काढून बांध बाहेरच्या बाजूला, पक्क्या जमिनीवर वाढवतात आणि खालून पाणी निघायला वाट ठेवतात. रेती जास्त लागते, जागा जास्त लागते, पैसाही. जुने बांध अर्थात जागेवरच राहिले. फेब्रुवारी २०१०च्या भूकंपात लास पाल्मास या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचा गाळ सुटून एकाच कुटुंबातली चार माणसे गेली. खाण बंद करण्याचा खर्च मालकाकडून आधीच तारण म्हणून घ्यावा, हा कायदा पुढच्या वर्षी झाला. सरकारी यादीत आज असे सातशेहून अधिक गाळसाठे आहेत.

म्हणजे १९७० साली एका देशाने ही रीत टाकली, कारण छापून प्रसिद्ध झाले होते, तेही इंग्रजीत. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो येथे लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटला आणि २७० माणसे मेली. बांध त्याच रीतीने, आतल्या बाजूला चढवलेला. त्या दिवशी भूकंप नव्हता. बांधाच्या खालच्या अंगाला कामगारांची खानावळ होती, आणि वेळ जेवणाची होती. ब्राझीलने त्यानंतर ही रीत बेकायदा ठरवली, आणि ऑगस्ट २०२०मध्ये गाळसाठ्यांसाठी जागतिक मानक प्रसिद्ध झाले. बांध फुटला तर खाली कोण सापडेल, हे मालकाने आधी शोधावे, असे त्यात आहे. एल कोब्रेत ते शोधावे लागले नसते. खाली राहणारे सगळे खाणीच्या हजेरीपटावर होते, किंवा हजेरीपटावरच्या कुणाची तरी बायकोमुले.

एल सोल्दादो खाण नंतरही चालू राहिली. तिच्या पुढच्या गाळतळ्याचे नाव एल तोरितो, म्हणजे गोऱ्हा.