विशेषाधिकार आज्ञांचे ऑडिट नियम

लिनक्स प्रणालीत सुडो, एसयू, पासडब्ल्यूडी यांसारख्या आज्ञांच्या वापराची नोंद व्हावी म्हणून कर्नलच्या ऑडिट यंत्रणेला दिलेले नियम. या आज्ञांच्या फाइलींवर सेटयूआयडी बिट असल्याने त्या सामान्य वापरकर्त्याने चालवल्या, तरी फाइलच्या मालकाच्या, म्हणजे बहुधा रूटच्या, अधिकाराने चालतात. प्रशासक फाइंड आज्ञेने अशा फाइली शोधून प्रत्येकीसाठी स्वतंत्र नियम लिहितो. त्यात फाइलचा मार्ग, ती चालवली जाण्याची अट, लॉगिन क्रमांक (मूळ लॉगिन केलेल्या खात्याचा क्रमांक) १००० किंवा अधिक असण्याची अट आणि शोधखूण असते. सुडो वापरल्यावरही लॉगिन क्रमांक तोच राहतो; त्यामुळे रूटच्या नावे झालेल्या कृतीमागचे मूळ खाते ओळखता येते. ऑसर्च आज्ञेने नोंदी शोधतात. नवे सॉफ्टवेअर बसवल्यावर फाइलींची यादी पुन्हा तपासावी. नियमाबाहेर राहिलेल्या आज्ञेचा वापर या नोंदींत दिसत नाही.